हललेला फोटो

पाहुण्यांना आणायला कोण जाणार, असा प्रश्न ग्रुपवर आला की क्लबातले सगळे जण एकदम मौनव्रत धरत. मग ते काम आपसूक ऋतिकाच्या गळ्यात पडे. विरारच्या त्या कॅमेरा क्लबची ती सेक्रेटरी होती. सेक्रेटरी म्हणजे काय, तर वाचनालयाच्या वरच्या हॉलची किल्ली आणायची, प्रोजेक्टरची वायर शोधायची, समोसे सांगायचे आणि पाहुण्यांची ने-आण करायची. बाकीचे सभासद गळ्यात हातभर लेन्स अडकवून यायचे, समोसे खायचे आणि 'व्याख्यान जरा लांबलं' असं म्हणून जायचे.

त्या रविवारी दुपारी तिने नवऱ्याला झोपेतून उठवलं.

"स्वरूप, चल ना. सेबॅस्टियन अंकलना नंदाखालहून आणायचंय. त्यांचा लाकडी स्टँड पण आहे, रिक्षात नाही मावायचा."

"यार, मला फोटोतलं काय कळतं?"

"गाडी चालवता येते ना? तेवढं पुरे."

स्वरूप कुरकुरत उठला आणि उठता उठताच त्याने टीपॉयला गुडघा मारला. हा माणूस असाच. एका जागी बसणं त्याच्या पत्रिकेतच नव्हतं. जेवताना, टीव्ही बघताना, अगदी सासऱ्यांशी गंभीर बोलतानासुद्धा त्याचा उजवा पाय सारखा हलत असायचा. मथुराबाई, म्हणजे त्याची आई, लहानपणापासून ओरडत आल्या होत्या, "पाय हालवू नको रे, चांगलं नसतं ते!" आगाशीची वाडी भावांच्या हवाली करून त्या बोळिंजच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, तरी ते वाक्य काही त्यांनी वाडीत ठेवून दिलं नव्हतं. ऋतिकाने लग्नानंतर हौसेने कॅमेरा घेतला आणि पहिले फोटो अर्थातच नवऱ्याचे काढले. एकूण एक हलला. कुठे कान दोन, कुठे चष्मा नाकाच्या बाजूला. "तुझा एक फोटो धड येईल तर शपथ," ती म्हणायची. तो खो खो हसायचा, आणि तो हसतानाचा फोटोही हलायचा.

सेबॅस्टियन दारातच तयार उभे होते. सत्तरी ओलांडलेली, पण केस काळेभोर रंगवलेले, बूट पांढरे, आणि अंगावर एवढं अत्तर की गाडीच्या काचा खाली कराव्या लागल्या. चाळीस वर्षं गावात त्यांचा स्टुडिओ होता. वाटेत ते अखंड बोलत होते. कुठल्या नवरीचा पदर त्यांनी सावरला, कुठल्या फादरने त्यांना ओरडा दिला, कुठल्या फुटबॉल टीमने फोटोपुरते उसने बूट आणले. स्वरूपला म्हातारा फार आवडला. सिग्नलला गाडी थांबली की त्याचा पाय ब्रेकवर नाचत होता आणि सेबॅस्टियन हसून म्हणत होते, "ह्याचा फोटो काढणं म्हणजे मांजराला स्टुलावर बसवणं."

हॉल भरला होता. सेबॅस्टियननी जुन्या फोटोंच्या स्लाइड्स दाखवल्या. लग्नं, चर्चमधलं मुलांचं पहिलं कम्युनियन, सणाच्या दिवशी चर्चच्या पायरीवर उभं अख्खं गाव. लोक हसत होते, टाळ्या देत होते. मग पडद्यावर एक फोटो आला. अंधारी खोली, मधोमध उघडी पेटी, पेटीत एक म्हातारा, आणि भोवती त्याचं सगळं कुटुंब कॅमेऱ्याकडे बघत उभं.

"आमच्यात हे असतंच," सेबॅस्टियन म्हणाले. "कोणी गेलं की पेटीभोवती शेवटचा फॅमिली फोटो. जे आखातात असतात, बोटीवर असतात, येऊ शकत नाहीत, त्यांना पाठवायला. फ्लॅश नाही मारायचा. माणूस गेलेल्या घरात तो भपकन उजेड बरा नाही वाटत. पडदा थोडा सारायचा, कॅमेरा स्टँडवर लावायचा, शटर स्लो. आणि ओरडायचं, 'हलू नका!' पेटीतल्याचे हातसुद्धा मीच नीट करायचो. उजवा डाव्याच्या वर, छातीशी."

त्यांनी काठीने पडद्यावरच्या म्हाताऱ्याचा चेहरा दाखवला.

"आता बघा. मी कितीही ओरडलो तरी जिवंत माणूस हलतोच. श्वास हलतो, रक्त हलतं, रडू दाबलेलं असतं ते हलतं. म्हणून सगळे जरा जरा हललेत. एकच माणूस साफ येतो. ज्याला काही हलवायचंच नसतं तो."

क्लबातल्या एकाने घाबरत हसून पाहिलं, पण कोणी साथ दिली नाही. पुढच्या रांगेतून रिटा उठली. ती सेबॅस्टियनच्याच गावची, तिथल्या शाळेत शिकवायची.

"अंकल, म्हाताऱ्याच्या मागे उभा आहे तो ॲलिस्टर ना? तोही किती साफ आलाय."

खरंच आला होता. आजूबाजूला सगळे चेहरे दुधावरच्या सायीसारखे पसरलेले, आणि त्यात तो तरणाबांड मुलगा, भुवईचा केस न् केस मोजता यावा इतका स्पष्ट.

"त्याच महिन्यात गेला बिचारा," रिटा म्हणाली. "काही झालं पण नव्हतं त्याला. बसल्या जागी गेला."

सेबॅस्टियननी घाईघाईने पुढची स्लाइड लावली. "चुकून आली ती," ते पुटपुटले आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. पाणी थोडं कॉलरवर सांडलं. मग मात्र त्यांनी बोलणं लवकर आवरलं.

व्याख्यान संपल्यावर ग्रुप फोटो काढायची क्लबाची पद्धत होती. सगळे उभे राहिले आणि नेमके दिवे गेले. विरारात दिवे जाण्याचं कोणाला नवल नाही. खिडकीतून मावळतीचा मळकट उजेड येत होता. कोणीतरी म्हणालं, "अंकल, तुमच्या पद्धतीने काढा ना! स्लो शटर!" म्हातारा आधी नको म्हणाला. मग सगळ्यांनी गळ घातली, आणि कौतुकाला नाही म्हणणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. त्यांनी आपल्या सागवानी स्टँडवर ऋतिकाचा कॅमेरा चढवला.

स्वरूप शेवटच्या बाकावर मोबाइल बघत पाय हलवत बसला होता.

"ये ना तू पण," ऋतिकाने त्याला हाताला धरून ओढलं.

"मी मेंबर नाहीये."

"गाडी चालवलीस ना? ये."

तो मागच्या रांगेत, अगदी टोकाला, दोन्ही हात खिशात घालून उभा राहिला. सेबॅस्टियन ओरडले, "हलू नका!" शटर उघडलं. दोन सेकंद हॉलमध्ये कोणी श्वास घेतला नाही. नेमकी ऋतिकाला शिंक आली आणि ती तिने कशीबशी दाबली. शटर मिटलं.

सगळे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तुटून पडले. "अरे, सगळेच हललो!" "मॅडमला तर तोंडच नाही!" "ए, पण हा बघ, ह्याला म्हणतात पोज!"

सगळ्या गढूळ चेहऱ्यांच्या टोकाला स्वरूप उभा होता. लख्ख. शर्टाच्या गुंडीचा दोरासुद्धा दिसत होता.

"शाबास स्वरूप!" कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आयुष्यात पहिल्यांदा फोटो धड आला तुझा!"

ऋतिकाही हसणार होती. पण तिला हात दिसले. स्वरूपचे हात खिशात होते, तिने स्वतः पाहिले होते. फोटोत ते छातीशी होते. उजवा डाव्याच्या वर.

सेबॅस्टियननी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांच्या अत्तराच्या वासातून आता घामाचा वास येत होता.

"आणखी एक काढू," ते म्हणाले. "बेटा स्वरूप, या वेळी तू जरा हल."

लोक हसले. हलू नका म्हणणारे फोटोग्राफर सगळ्यांनी पाहिले होते, हल म्हणणारा पहिलाच. पण तेवढ्यात दिवे आले, पंखे सुरू झाले, समोशांच्या पुड्या उघडल्या आणि रांग मोडली ती मोडलीच. दुसरा फोटो काही झाला नाही.

रात्री म्हाताऱ्याला घरी सोडताना स्वरूप गाडी वळवत होता. सेबॅस्टियन दाराशी थांबून ऋतिकाला हळूच म्हणाले, "त्याचा दुसरा फोटो काढ, बाय. स्लो शटर. घरीच काढ. हलला तर मला फोन करू नकोस."

"आणि नाही हलला तर, अंकल?"

त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऋतिकाने दिवाणखान्यातली ट्यूब बंद केली आणि कॅमेरा स्टँडवर लावला. मनातून तिला स्वतःचीच लाज वाटत होती. शिकलेली बाई, एका बँकेत नोकरी करते, आणि हे काय चाललंय? तरी तिने स्वरूपला सोफ्यावर बसवलं.

"पंख्याखाली बस. हां. आणि पाय हलव."

"काय?"

"पाय हलव रे तुझा, नेहमीसारखा!"

तो गमतीने दोन्ही पाय हलवू लागला. शटर उघडलं, मिटलं. तिने स्क्रीन पाहिली. वर पंख्याची पाती विरघळून एक करडं वर्तुळ झालं होतं. खिडकीचा पडदा हलला होता. पंख्याखाली स्वरूप बसला होता. साफ. पाय जमिनीवर टेकलेले. हात छातीशी.

"आता उभा राहा. नाच."

"ऋतु, आई बघेल."

"नाच म्हणते ना!"

तो बिचारा नाचला. हळदीत नाचायचा तसा, खांदे उडवत, कंबर हलवत. तिने काढलेल्या फोटोत तो ताठ उभा होता, हात छातीशी, डोळ्यांच्या पापण्याही मोजता याव्यात असा. तिने शटर बदललं, लेन्स बदलली, मोबाइलवर काढलं, शेजारच्यांचा कॅमेरा मागून आणला. मथुराबाईंना उभं केलं, त्या हलल्या. स्वतःचा काढला, ती हलली. फक्त स्वरूप तेवढा हलत नव्हता.

तिने सांगितलं नाही, तरी त्याला कळलं. तिच्या खांद्यावरून स्क्रीन पाहून तो आधी हसला. "तुझा कॅमेरा भारी आहे हां." मग त्याने स्वतःचे हात पाहिले, परत स्क्रीन पाहिली आणि आत गेला.

पुढे जे झालं ते इतकं हळू झालं की आधी कोणाच्या लक्षातच आलं नाही. पहिल्यांदा खूश झाल्या त्या मथुराबाई. जेवताना त्या म्हणाल्या, "बघितलंस? पाय हालवायचा बंद झाला. उशिरा का होईना, सुधारला माझा लेक."

ऋतिकाच्या हातातला घास तिथेच राहिला. तिने टेबलाखाली वाकून पाहिलं. त्याचा उजवा पाय फरशीवर चपलेसारखा पडून होता.

मग झोपेत कूस बदलणं बंद झालं. आधी हा माणूस रात्रभर पलंगभर फिरायचा, तिच्या पोटावर पाय टाकायचा, चादर ओढून न्यायचा. आता जसा पडे तसाच सकाळी उठे. चादरीला सुरकुती नसे. ती त्याच्या नाकाशी बोट धरी. श्वास असे. पण छाती वर येत असलेली दिसत नसे.

तिने त्याच्या बाइकची किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. तो रोज चंदनसारवरून हायवेने वालीवच्या कारखान्यात जायचा, आणि त्या हायवेवरचे ट्रक तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. त्याने भांडण करावं, चिडावं, अशी तिची फार इच्छा होती. तो म्हणाला, "बरं," आणि सोफ्यावर बसला. ती त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. छातीचा आलेख काढला, डोक्याचा फोटो काढला, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "कामाचा ताण असेल. काही दिवस बाहेर फिरून या." मथुराबाईंनी मीठमोहरीने दृष्ट काढली. मोहरी तडतडली, धूर झाला, त्या खोकल्या, ऋतिका खोकली. स्वरूप त्या धुरात डोळे उघडे ठेवून बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं.

"हल ना रे," ती त्याच्या पायाशी बसून त्याचा गुडघा गदगदा हलवायची. "स्वरूप, माझ्यासाठी हल. थोडंसं. प्लीज."

तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहायचा. एकदा हळूच म्हणाला, "ऋतु... मला हलावंसंच वाटत नाही गं."

त्या दिवशी ती न्हाणीघरात नळ सोडून रडली. मग तोंड धुऊन रिक्षा केली आणि थेट नंदाखाल गाठलं.

दुपारची वेळ होती. सेबॅस्टियनचं घर थंडगार होतं. येशूच्या तसबिरीखाली लाल बल्ब लागला होता. त्यांचे केस मुळाशी पांढरे दिसत होते, बहुधा त्यांनी त्या रविवारनंतर रंग लावला नव्हता. तिला बघून ते उठले नाहीत.

"नाही हलला ना?" त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली.

"मला वाटलंच. फोनची रिंग वाजली की छातीत धस्स व्हायचं माझ्या."

"अंकल, तुम्ही आधी पाहिलंय हे. ॲलिस्टरच्या आधी, नंतर. काय करायचात तुम्ही?"

"काय करणार, बाय? रोल धुतल्यावर पेटीच्या फोटोत जिवंत माणूस साफ आला की मी त्याला स्टुडिओत बोलवायचो, म्हणायचो, रोल खराब झाला, परत काढू. त्याला हळूच सांगायचो, जरा हल. बहुतेक वेळा हलायचा. मग तो पहिला फोटो मी जाळून टाकायचो. बायकोला पण नाही सांगितलं कधी."

"बहुतेक वेळा."

"हां."

"आणि नाही हलला तर?"

म्हातारा लाल बल्बाकडे बघत बसला.

"अंकल, मी पाया पडते तुमच्या. माझा नवरा घरात पुतळ्यासारखा बसलाय. कालपासून पापणी पण मोजून हलवतो. तुम्हाला काहीतरी माहीत आहे आणि तुम्ही सांगत नाही. तुमच्या हातून निघालाय तो फोटो! सांगा मला!"

शेवटचं वाक्य तिला बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं. सेबॅस्टियननी डोळे मिटले.

"एकच जण वाचला होता," ते म्हणाले. "स्टॅनी म्हणून पोरगा होता. त्याच्या आजीच्या पेटीशी उभा. साफ आला. परत काढला, परत साफ. मी येडा, त्याच्या आईला सांगून बसलो. ती रडली पण नाही. पोराला मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी घट्ट धरलं. म्हणाली, जे काय आहे ते मला दे, आणि मला म्हणाली... आता काढ."

"मग?"

"पोरगा हलला. आता दुबईला असतो. त्याला पण पोरं आहेत. नाताळला केक पाठवतो."

"आणि त्याची आई?"

सेबॅस्टियननी छातीवर क्रुसाची खूण केली.

"तिचा फोटो छान आला," ते म्हणाले.

ऋतिकाने पर्स उचलली. म्हातारा धडपडत उठला, तिच्या मागे दारापर्यंत आला. "बाय, म्हणूनच नव्हतो सांगत. तू असलं काही करू नकोस. ऐक माझं. तुला तुझं आयुष्य..."

पुढचं तिने ऐकलं नाही. रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपले दात एकमेकांवर आपटतायत. तिला भीती वाटत होती, फार वाटत होती. रस्त्याकडेला फुलवाल्या बसल्या होत्या, शाळा सुटली होती, उसाच्या रसाच्या गाडीवर घुंगरं वाजत होती, आणि हे सगळं तिला फार म्हणजे फार हवं होतं. अर्ध्या वाटेत तिने रिक्षावाल्याला थांबवून परत फिरायला सांगितलंही. मग तिला ती सुरकुती नसलेली चादर आठवली. "नाही, बोळिंजलाच चला," ती म्हणाली.

घरी पोचली तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. मथुराबाई आत देवापाशी दिवा लावत होत्या, वातीचा करपट वास येत होता. स्वरूप सोफ्यावर सकाळी होता तसाच होता. टीपॉयवर त्याचा चहा साय धरून बसला होता. तिने त्याच्या गालाला हात लावला. गाल थंड नव्हता, गरमही नव्हता.

"स्वरूप..."

त्याची बुबुळं तिच्याकडे वळली, डोकं वळलं नाही.

तिने स्टँड लावला, कॅमेरा बसवला. स्क्रू दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बसला. टायमर लावून ती सोफ्यावर त्याच्याशेजारी येऊन बसली आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. पाच बोटं त्याच्या पाच बोटांत रुतवली, वरून दुसरा हात दाबला. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकू लागला. आधी हळू, मग भराभर.

"जे काय आहे ते मला दे," ती त्याच्या कानाशी म्हणाली. तिला हुंदका आला आणि तिने तो दाबला नाही. खांदे गदगदत होते, गालांवरून पाणी वाहत होतं. "ऐकतोयस ना? मला दे. तुझा पाय हलल्याशिवाय मला झोप येत नाही रे..."

शटर उघडलं. तिने डोळे सताड उघडे ठेवले. शटर मिटलं.

काही झालं नाही. आतून मथुराबाईंची शुभंकरोती ऐकू येत होती. खिडकीचा पडदा हलत होता. मग टीपॉयवरचा कप बशीवर किणकिणला.

ऋतिकाने खाली पाहिलं. टीपॉयला टेकलेला स्वरूपचा उजवा पाय हलत होता.

"थंडी का वाजतेय एवढी?" स्वरूप म्हणाला. त्याने हात सोडवून घेतला, खांदे उडवले, मान इकडून तिकडे फिरवली, आणि लांबलचक आळस देताना त्याचं कोपर तिच्या कपाळावर बसलं. "सॉरी, सॉरी! ऋतु, भूक लागलीय यार. काय आहे खायला?"

आतून आवाज आला, "पाय हालवू नको रे!"

"हालवू दे, आई," ऋतिका म्हणाली. ती हसत होती, की तिला वाटलं ती हसतेय. "हालवू दे त्याला."

ती उठली. उठायचं मनात आणलं आणि त्यानंतर थोड्या वेळाने शरीर उठलं. कॅमेऱ्यापाशी जाऊन तिने स्क्रीनवर फोटो उघडला.

स्वरूप पार हलला होता. तीन कान, चष्मा गालावर, तोंडाच्या जागी एक वाहतं वर्तुळ. इतका सुंदर फोटो तिने आजवर काढला नव्हता. तिने तो डोळे भरून पाहिला, आणि मग बाजूला पाहिलं.

तिथे ती होती. एक एक केस मोजता यावा अशी. ती तीच होती, पण रडत नव्हती. गाल कोरडे होते. दोन सेकंद सताड उघडे ठेवलेले डोळे मिटलेले होते, आणि सकाळपासून विस्कटलेले केस कोणीतरी विंचरून दिल्यासारखे नीट बसले होते. स्वरूपचा हात तिने दोन्ही हातांनी धरला होता. फोटोत तो हात मोकळाच हलत होता, आणि तिचे हात तिच्या छातीशी होते. उजवा डाव्याच्या वर.

"कसा आलाय?" सोफ्यावरून स्वरूपने विचारलं. त्याचा पाय चालूच होता, कप वाजतच होता.

"हललाय," ती म्हणाली.

"जाऊ दे, माझा कधी धड आलाय? आणि तुझा?"

तिने स्क्रीन बंद करायला बोट उचललं. बोट उचललं जाईपर्यंत ती वाट बघत उभी राहिली.

"माझा छान आलाय," ती म्हणाली.